करंजाचं पहिलं पाणी

सुरेखा,

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. हे मला कॅलेंडर बघून कळलं. मधले दिवस कसे गेले ते सांगता यायचं नाही. माणसं आली, बसली, गेली. समोर चहा आला की मी पीत होतो, कोणी जेवा म्हणालं की जेवत होतो. तेराव्याला तुझ्या भावाने मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. म्हणाला, "दाजी, एकदा रडून घ्या. मोकळं वाटंल." मी खरंच प्रयत्न केला. काही आलं नाही. मग त्याला वाईट वाटू नये म्हणून तोंडावर पंचा धरून थोडा वेळ उभा राहिलो.

तुझ्याच वहीत लिहितोय, मागच्या पानापासून. पुढच्या बाजूला तुझं अक्षर आहे. वेखंड किती, हळद किती, निरगुडी कुठल्या महिन्यातली. ती बाजू मी अजून वाचलेली नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगून झाल्याशिवाय वाचावंसं वाटत नाही.

त्या सकाळी तू डोकं दुखतंय म्हणालीस. मी मोजे घालत होतो. "गोळी घे," म्हणालो. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. मांडव्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यावर साडेनऊला पोचायचं होतं, म्हणून मी पडवीत फवारणीचा पंप गाडीला बांधत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकीची हाक आली. तू ओट्यापाशी खाली पडली होतीस. गॅस चालू होता. अलिबागला पोचेपर्यंत तू डोळे उघडले नाहीस, आणि दुपारी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली, कोणाच्या हातात नव्हतं. मी त्यांना विचारलं, माझ्या औषधांनी झालं का? अठरा वर्षं माझे कामाचे कपडे तीच धुते, म्हणालो. ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले. मला बरं वाटलं का वाईट, तेही कळलं नाही.

आपल्या घरात माझं औषध येत नव्हतं. तो नियम तू केलास तेव्हा प्राची सहा वर्षांची होती. मी नुकताच पेस्ट कंट्रोलच्या कामाला लागलो होतो आणि मोठ्या हौसेने पहिल्यांदा आपलंच स्वयंपाकघर फवारून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरीची छाती वाजायला लागली, अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी वाफ दिली आणि विचारलं, घरात काही मारलंत का? तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. घरी आल्यावर ओटा, फळ्या, भिंती साबणाने तीन वेळा घासल्यास आणि मग म्हणालीस, "बाहेर काय मारायचं ते मारा. ह्या उंबऱ्याच्या आत न्हाय."

तेव्हापासून पंप आणि औषधाची पेटी पडवीच्या टोकाला. मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय मी घरात नाही. माझे कपडे वेगळ्या बादलीत. मुंबईची माणसं रो-रो बोटीतून गाडीसकट उतरतात, शनिवार-रविवार बंगल्यात राहतात, एक किडा दिसला की आमच्या ऑफिसला फोन करतात. त्यांची झुरळं, ढेकूण, वाळवी मी घालवायची आणि घरी येऊन आपली झुरळं चपलेने मारायची. तुझ्या बचत गटातल्या बायका हसायच्या. तूही हसायचीस, पण नियम हलला नाही.

प्राची पनवेलला लॅबमध्ये कामाला लागली आणि घर रिकामं झालं. दुपारची तू नुसती बसून राहायला लागलीस. टीव्ही चालू असायचा आणि तू भिंतीकडे बघत असायचीस. काय झालं विचारलं तर म्हणायचीस, "कुठं काय." वर्षभर असं चाललं. मग बचत गटाचं ते प्रशिक्षण झालं, शाळेच्या हॉलमध्ये, झाडपाल्यापासून घरगुती कीटकनाशकं कशी करायची त्याचं. घाटावरून आलेल्या मॅडम फळ्यावर कडुलिंबाचा पाला लिहीत होत्या. तू उठून उभी राहिलीस. "मॅडम, आमच्याकडं कडुलिंब न्हाय धड होत. आमच्याकडं करंज हाय." मॅडम म्हणाल्या, "मग करंज घेऊन बघा आणि मला कळवा." हे तू मला त्या संध्याकाळी चार वेळा सांगितलंस. "मला म्हणल्या, मला कळवा." आदल्या वर्षभरात मिळून तू एवढं बोलली नव्हतीस.

खाडीच्या बांधावर, देवळामागे करंजाचं ते जुनं झाड आहे. तिथल्या शेंगा फोडून तू बिया काढल्यास, पाट्यावर ठेचल्यास, रात्रभर भिजत घातल्यास. मागच्या चुलीवर निरगुडीच्या पाल्याचा काढा केलास. बियांचं तेल पाण्यात मिसळेना म्हणून रिठे भिजवून त्यांचा फेस घातलास. हे तुला मॅडमनी सांगितलं नव्हतं, तुझं तुलाच सुचलं. सगळं गाळून फवाऱ्याच्या बाटलीत भरलंस. घरभर असा उग्र वास की मांजरसुद्धा पडवीत राहायला गेलं.

तीन आठवडे तू रोज भांडी झाल्यावर ते पाणी फवारत होतीस. फवारा अंगावर पडलेलं एखादं झुरळ उलटं होऊन मरायचं. बाकीची फ्रिजमागे मजेत होती. हे असंच होणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोललो नाही. एका संध्याकाळी तू मागच्या पायरीवर बाटली मांडीत घेऊन बसली होतीस. मी जवळ आलो तेव्हा म्हणालीस, "मला कसं काहीच जमत न्हाय वो." ते झुरळांबद्दल नव्हतं, एवढं मलाही कळलं.

आता ते सांगतो.

मावसबहिणीच्या हळदीला तू दोन दिवस रेवदंड्याला गेलीस. मी कामावरून आलो, मागच्या दारी अंघोळ केली, कपडे बदलले. मग पडवीत जाऊन पेटीतली जेलची नळी काढली आणि उंबऱ्याच्या आत आणली. फवाऱ्याला वास येतो. जेलला काहीच नसतो. साबुदाण्याएवढा ठिपका, झुरळ येऊन खातं आणि मरतं. फ्रिजच्या मागे चार लावले, ओट्याखाली सहा, सिलिंडरच्या कोपऱ्यात दोन, मसाल्याच्या कपाटाच्या बिजागऱ्यांत एकेक. तुझा हात पोचणार नाही अशाच जागा बघितल्या. तुझ्या पाण्याचा वास असला तर झुरळ जेलला तोंड लावत नाही, म्हणून त्या जागा आधी ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. मेलेली झाडून केराच्या खड्ड्यात टाकली. तू आलीस तेव्हा फरशी कोरडी होती.

तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण त्या वासाला मी कंटाळलो होतो, हेही खोटं नाही. आणि हे काम माझं, तुला ते कुठे जमणार, असंही आत कुठेतरी होतंच. तिन्ही खरी आहेत. कुठलं किती, ते मला नाही सांगता येत.

तू आल्यावर चार दिवसांनी म्हणालीस, "अवो, झुरळं दिसत न्हाईत." आठवड्याने सगळे डबे खाली काढून बघितलेस. एकही नाही. ओट्यापाशी उभी राहून तोंडावर हात घेऊन हसायला लागलीस, आणि मग माझा हात धरून म्हणालीस, "जमलं!" तेव्हा सांगता आलं असतं. एक मिनिट पुरलं असतं. मी म्हणालो, "जमलं की."

तुला आनंदात बघून मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

मग तू बाटल्या भरायला लागलीस. आधी काकीला, मग गटातल्या बायकांना. नागावच्या दर्शनावहिनींचा चार खोल्यांचा होमस्टे, त्यांनीही नेल्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या खोल्या भरलेल्या, आणि पुण्याच्या पाहुण्यांच्या पोह्यांच्या बशीशेजारी झुरळ निघालं. पाहुण्यांनी फोटो काढला आणि सगळ्या जगाला दिसेल असा टाकला. दर्शनावहिनी स्कूटरवरून तशाच आल्या. हेल्मेटही न काढता अंगणात उभं राहून त्यांनी फोन तुझ्यासमोर धरला.

"वाच सुरेखा. घाणेरडं स्वयंपाकघर म्हणतायत माझं. आठ वर्षं नाव राखलं मी."

तू वाचलंस. मला वाटलं रडशील. तू विचारलंस, "वहिनी, फवारा रोज मारलात का?"

"रोज! पाहुणे नाक धरत होते, तरी मारला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही तरी सांगायचं होतंत. तुमचं तर कामच हाय हे."

मी पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होतो. म्हणालो, "मी काय सांगणार. असल्या पाण्याने झुरळं जात नसतात."

तू माझ्याकडे वळलीस. "आपली गेली. गेली का न्हाय? सांगा त्यांना."

दर्शनावहिनी माझ्याकडे बघत होत्या. तू बघत होतीस. मी नाडीकडे बघत होतो.

"गेली होती," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्या ऑफिसला फोन केला आणि ते काम माझ्याच वाट्याला आलं. सकाळी तू डबा भरून दिलास, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. "तिथलं नीट करा हां," म्हणालीस. मी गेलो. दर्शनावहिनींचं स्वयंपाकघर इतकं लख्ख होतं की मला नवल वाटलं. फळ्या रिकाम्या आणि कोरड्या, ओट्याच्या फटी सिमेंटने बुजवलेल्या. अशी जागा मला क्वचित मिळते. जेल लावलं, पंधरा दिवसांत झुरळं गेली. वहिनींनी फोन करून आभार मानले आणि मी ते घेतले.

दुसरी कोणी असती तर तिने बाटल्या फोडून टाकल्या असत्या. तू काचेच्या बरण्या गोळा केल्यास. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधून त्यांत झुरळं ठेवलीस आणि रोज बघत बसलीस. एका बरणीत करंजाच्या पाण्याचा बोळा, एकीत निरगुडीचा, एकीत साधं पाणी. महिन्याभरात तुला जे कळलं ते मला कामावर शिकायला दोन वर्षं लागली होती.

मी जेवत होतो. तू समोर येऊन बसलीस. "बघा. अंगावर पडलं तर मरतं. नुसत्या वासाने त्याला कायपन होत न्हाय. मग त्या वेळी आपली एवढी कशी गेली?"

"काय माहीत."

"तुम्ही इतकी वर्षं हेच करताय. तुम्हाला म्हाईत न्हाय?"

"नाही," मी म्हणालो आणि आमटी मागितली.

तिथून तीन वर्षं तू ते पहिलं पाणी शोधत राहिलीस. त्या वेळी जे जे होतं ते सगळं तू पुन्हा जमवत होतीस. झाड तेच हवं. रिठे अलिबागच्या त्याच दुकानातले. शेंगा त्याच दिवसांतल्या. चुलीला त्याच आंब्याची लाकडं. प्रत्येक खेपेला तू मला विचारायचीस, त्या वेळी ऊन होतं की ढग, बिया आधी वाळवल्या होत्या की ओल्याच ठेचल्या. आणि मी आठवल्यासारखं करून उत्तर द्यायचो. ह्या वहीसाठी मी कितीतरी खोटं सांगितलंय, सुरेखा. ऊन होतं म्हणालो, ते मला आठवतच नव्हतं.

गेल्या वर्षी शेंगांच्या दिवसांत आपण दोघं बांधावर गेलो होतो. भरती चढत होती, बांधाच्या दगडांवर पाणी आपटत होतं. मी झाडावर चढून आकडीने शेंगा पाडत होतो, तू खाली पदरात गोळा करत होतीस. माझ्या मनात होतं की इथे सांगावं. इथे दुसरं कोणी नाही. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "सोड ना हे झुरळांचं. बाकीचं सगळं चालतंय तुझं. त्या पहिल्या वेळी काहीतरी वेगळंच झालं असेल."

तू शेंग सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुम्हाला न्हाय कळायचं. मला ते एकदा जमलंय. एकदा जमलं म्हंजे ते माझ्या हातात हाय. सापडत न्हाय एवढंच."

मी पिशवी उचलली.

तुझं बाकीचं खरंच चालत होतं. वेखंड आणि हळदीची पूड मुंग्यांच्या वाटेवर टाकली की मुंग्या वळायच्या, पहिल्या दिवसापासून. तांदळाच्या पिंपात निरगुडीचा वाळलेला पाला थरांनी घातलास, तर आपल्या तांदळाला सोंडे लागले नाहीत. दाराच्या चौकटीला काजूच्या टरफलांचं तेल लावलंस. तुझी बोटं भाजून काळी पडली, पण वाळवी परत आली नाही. ढेकणांवर काहीच चालेना तेव्हा तू सरळ सांगायला लागलीस, "ढेकणाला माझ्याकडं औषध न्हाय. गाद्या उन्हात टाका, बाजेवर उकळतं पाणी ओता." असं आमच्या धंद्यात कोणी सांगत नाही.

आपण भांडलो ते सीताफळाच्या बियांवरून. तू त्या कोरड्याच कुटल्यास, पूड डोळ्यांत गेली, दोन्ही डोळे सुजले. मला राग आला होता, भीतीने. म्हणालो, "झाडाचं म्हणजे सगळं साधंसोज्वळ वाटतं तुला. तुझंही विषच आहे. माझं डब्यातलं, तुझं झाडावरचं." डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून तू पडली होतीस. म्हणालीस, "व्हय, विष हाय. पर माझं मला म्हाईत हाय, कशात काय घातलंय ते. तुमच्या डब्यात काय हाय ते तुम्ही तरी वाचलंय का कधी?" मी कधीच वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन वाचलं. तेव्हापासून मी मास्क न चुकता लावतो. हे तुला सांगायचं राहिलं.

आणि एकदा नागावच्या एका बंगल्यावर लहान बाळ होतं, त्या बाईंना घरात फवारा नको होता. मी पिशवीतून तुझी मुंग्यांची पूड काढून दिली. पुढच्या खेपेला त्यांनी अजून मागितली. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू आधी माझ्याकडे नुसती बघत राहिलीस. "तुम्ही सांगितलंत माझं नाव?" मी हो म्हणालो. त्या दिवशी माझ्या ताटात बोंबलाची तुकडी जास्त होती. आपल्या सगळ्या संसारात मी तुझं कौतुक केलं ते तेवढंच, तेही तुझ्या पाठीमागे, दुसऱ्याच्या दारात.

बाराव्या दिवशी दर्शनावहिनी आल्या. सगळ्यांत जास्त त्याच रडल्या. मी समोर बसलो होतो. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, तिने मला शपथ घातली होती म्हणून बोलले न्हाय. तुम्ही आमच्याकडे औषध लावायला आलात ना, त्याच्या आधी दोन दिवस सुरेखा माझ्याकडे होती."

मला समजेना. "तुमच्याकडे?"

"तुम्ही कामावर गेलात की यायची. मी तिला एवढं बोलले होते, तरी आली. सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या, घासल्या, पुसून कोरड्या केल्या. फटीत सिमेंट तिनेच भरलं, खाली बसून. मी म्हटलं, अगं, आता तर ते येणारच हायत औषध लावायला. तर म्हणाली, जागा ओली न् खरकटी असली तर त्यांचं औषध लागू पडत न्हाय. त्यांना नाव मिळायला हवं. न् त्यांना सांगू नका."

अठरा वर्षं मी जेवताना जे बडबडलो ते तू ऐकत होतीस. मला वाटायचं तुझं लक्ष नसतं.

मी वहिनींना तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. खोलीत पंधरा माणसं होती. मी पाणी आणायला उठलो.

चार दिवसांनी प्राचीने तुझी वही वाचायला घेतली. सकाळपासून काकी आणि गटातल्या दोघी रिकामे डबे घेऊन येऊन गेल्या होत्या, मुंग्यांची पूड आहे का म्हणून. ती म्हणाली, "बाबा, आईचं मी चालू ठेवणार. शनिवार-रविवार येऊन करेन." मी मान हलवली. तिने बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "झुरळांच्या प्रत्येक पानाखाली एकच लिहिलंय. 'पहिल्या वेळेसारखं न्हाय.' सगळीकडे. पहिल्या वेळी नक्की काय होतं? तुम्ही होतात ना घरी? मी परत करून बघते."

ती लॅबमधली मुलगी. तिने पेन काढलं होतं. पुढची तीन वर्षं मला तिच्या हातात दिसली. तेच झाड, तेच रिठे.

मी म्हणालो, "पहिल्या वेळी जेल होतं. मी लावलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने विचारलं, "किती ठिकाणी?" मी सांगितलं. "आई कधी गेली होती, कधी आली?" सांगितलं. "तिचा फवारा पुसला होतात?" हो म्हणालो. ती हे सगळं लिहून घेत होती. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावलं आणि मागच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मी बसूनच होतो. बऱ्याच वेळाने ती आत आली.

"तुम्ही तिला सांगितलं असतंत तर ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नसती," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी तिने दुसरं काहीतरी करून बघितलं असतं. तुम्ही तिची तीन वर्षं घेतलीत, बाबा."

मी हो म्हणालो. मग विचारलं, "तिला कळलं असेल का गं कधी?"

"ते मला नका विचारू."

तिला समजूत घालता आली असती. तिने घातली नाही. ती तुझ्यावर गेली आहे.

काल ती पनवेलला परत गेली. जाताना बॅग खांद्यावर टाकून दारात थांबली आणि म्हणाली, "झुरळांचं पाणी बंद. कोणी विचारलं तर का बंद ते तुम्ही सांगायचं, मी नाही. मुंग्यांची पूड शनिवारी करेन. वेखंड संपलंय, आणून ठेवा." अठरा दिवसांत कोणी मला काही काम सांगितलं नव्हतं. सगळे बसा म्हणत होते.

दर्शनावहिनींकडे रविवारी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. पण त्या हेल्मेट घालून अंगणात उभ्या होत्या, तो दिवस पुन्हा काढून तिथूनच सांगावं लागेल.

तू मला कधी विचारलंस तर काय उत्तर द्यायचं ते मी तीन वर्षं तयार ठेवलं होतं. तुला त्रास होऊ नये म्हणून, असं. आता ते उत्तर बघतो तर त्यात मीच दिसतो. तुला त्रास व्हायला हवा होता. तू माझ्यावर चिडायला हवी होतीस, दोन दिवस बोलायला नको होतीस. ते दोन दिवस माझ्याकडे आले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी वेखंड आणायला अलिबागला गेलो. तू जायचीस ते काष्ठौषधींचं दुकान मला शोधावं लागलं. मी एवढी वर्षं त्याच रस्त्याने पंप घेऊन जातो, पण आत कधी पाय ठेवला नव्हता. दुकानदाराला वेखंड आणि रिठे सांगितले. त्याने माझ्या हातातली कापडी पिशवी ओळखली.

"तुम्ही नागावकडचे ना? आज वहिनी न्हाय आल्या?"

"ती गेली," मी म्हणालो.

"कुठं?" वेखंड तागडीत टाकत त्याने सहज विचारलं.

सुरेखा, तोपर्यंत ते मला कोणाला सांगावं लागलं नव्हतं. गावाला भावाने सांगितलं, प्राचीला काकीने फोन केला, ऑफिसला दुसऱ्या कोणी कळवलं. मी सगळीकडे नुसता उभा होतो. आता तो माणूस तागडी धरून माझ्याकडे बघत होता, आणि उत्तर माझ्याशिवाय दुसरं कोणी देणार नव्हतं.

"वारली," मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. मग त्याने तागडीतलं वेखंड परत पोत्यात ओतलं. वाकून एकेक कांडी उचलून, मोडून, वास घेऊन बघायला लागला. किडकी बाजूला, चांगली तागडीत. "त्यांना असंच निवडून लागायचं," म्हणाला. बराच वेळ तो निवडत होता आणि मी उभा होतो. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, तरी त्याने घाई केली नाही.

पिशवी घेऊन बाहेर आलो. गाडीपाशी उभं राहून ते एकदा पुन्हा म्हणून बघितलं, हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं. सुरेखा वारली. गाडीची चावी हातात होती. ती कशाची, कुठे लावायची, ते मला बराच वेळ सुचेना.